तुरळक ठिकाणी

मार्चमध्ये आभाळ भरून आलं की बाकीच्या महाराष्ट्राला उन्हातून जरा सुटका झाल्यासारखं वाटत असेल. आम्हा नंदुरबारकरांच्या पोटात गोळा येतो. दिवाळीच्या मागेपुढे बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. लिलाव झाला की माल शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर जातो आणि सपाट केलेल्या मोकळ्या जमिनीवर पसरला जातो. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. ऊन आणि कोरडा वारा एवढीच आमची यंत्रसामग्री. तोंडाला रुमाल बांधलेल्या बायका ओळीने मिरची खालीवर करत जातात, आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकत जातो. अशा मालावर पाऊस पडला की तो पुन्हा वाळवता येतो, पण गेलेला रंग परत येत नाही. मिरची पांढरट पडते, देठाशी बुरशी धरते आणि भाव निम्म्यावरही टिकत नाही.

आमच्या घरची पथारी काका सांभाळतात. फोनवर हवामान बघायचं काम माझं. 2023 च्या मार्चमध्ये, होळीच्या सुमारास उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हाची गोष्ट. दुपारी काकांनी विचारलं, "काय म्हणतंय हवामान खातं?" मी वाचून दाखवलं: मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस. "तुरळक आहे," मी वर माझं मत जोडलं. मला वाटलं, चार थेंब पडतील. काकांनाही तेच वाटलं. अर्ध्या मालावर ताडपत्री ओढली, अर्धा तसाच ठेवला. संध्याकाळी वारा सुटला आणि अर्ध्या तासात उघड्या मिरचीतून लालसर पाणी चरीकडे वाहू लागलं. रेल्वेच्या रुळांपलीकडे रस्ता कोरडा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. अंदाज बरोबर होता. वाचणारा मी चुकलो होतो.

आपल्या बोलण्यात तुरळक म्हणजे थोडं, विरळ. हवामान खात्याच्या भाषेत तो शब्द पावसाला लावलेला नसतो, तो ठिकाणाला लावलेला असतो. एखाद्या विभागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. आकडा पन्नासपर्यंत गेला तर 'काही ठिकाणी', पंच्याहत्तरपर्यंत 'अनेक ठिकाणी', त्याहून जास्त तर 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस किती पडेल ते वेगळ्या शब्दांत सांगितलेलं असतं. चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर पडला तर हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.5 च्या पुढे अत्यंत मुसळधार. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मध्यम' याचा अर्थ असा, की बहुतेकांकडे काहीच पडणार नाही आणि ज्याच्याकडे पडेल त्याच्याकडे साठ मिलिमीटरही पडू शकेल. त्या संध्याकाळी ते तुरळक ठिकाण आमची पथारी होती.

दुसरी गफलत 'मध्य महाराष्ट्र' या नावाची. आम्ही स्वतःला खानदेशी म्हणवतो, पेपरवाले उत्तर महाराष्ट्र लिहितात. बातम्यांत 'मध्य महाराष्ट्र' ऐकलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पुणे-सातारा येतं आणि तो चॅनल बदलतो. खात्याच्या नकाशात मात्र नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे या एकाच विभागात आहेत. तोरणमाळचा डोंगर आणि सोलापूरचं माळरान एका ओळीत. म्हणून विभागाची ओळ वाचून थांबायचं नाही. जिल्ह्याचा पाच दिवसांचा तक्ता उघडायचा, आणि ढग दिसायला लागले की दर तीन तासांचा तात्कालिक इशारा बघायचा. पाच दिवसांच्या तक्त्यावरून मजूर किती बोलवायचे ते ठरतं. ताडपत्री कधी ओढायची ते तीन तासांचा इशारा सांगतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला यायचा, शेतकऱ्याच्या मराठीत: काढलेलं पीक झाका, फवारणी दोन दिवस पुढे ढकला. तो तयार करणारी देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं 2024 साली बंद करण्यात आली. मला ते मोठं नुकसान वाटतं. आकडे आता उपग्रहावरूनही मिळतात. त्या आकड्याचा आपल्या रानात काय अर्थ होतो हे सांगणारा माणूस जवळ लागतो.

त्या होळीनंतर मी एक पर्जन्यमापक आणला आणि पथारीच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडापासून लांब बसवला. झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं, तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर आणि अगदी सपाट. तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर, त्यामुळे आत 20 मिलिलिटर पाणी साठलं की 1 मिलिमीटर पाऊस. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं. पाणी काचेला कडेने किंचित वर चढलेलं असतं. तो काठ न बघता मधला खोलगट तळ वाचायचा. देशभर याच वेळी नोंद होते, आणि काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. पंचनाम्याच्या वेळी तारखेवरून होणारे कित्येक वाद एवढ्या एका गोष्टीतून उभे राहतात.

एक मिलिमीटर हा आकडा कानाला किती बारीक लागतो! पण एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराला चार हजार लिटर. दोन एकरांच्या पथारीवर आठ हजार, जवळजवळ एक टँकर. हे गणित काकांना मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. 'हलका पाऊस' हे नाव भातखाचरांना, नद्यांना, धरणांना शोभतं. मिरचीला हलका पाऊस नसतोच. तिच्यासाठी आम्ही आमची मोजपट्टी ठरवली: अंदाजात कुठलाही पाऊस असला आणि ठिकाणं 'तुरळक' असली तरी माल गोळा करायची तयारी.

मोजपट्टी बदलली की शब्दाचा अर्थ कसा बदलतो, याचं आमच्या जिल्ह्यात जिव्हारी लागणारं उदाहरण 'अतिवृष्टी' हे आहे. ऐकताना ती प्रलयासारखी वाटते. सरकारी मदतीच्या हिशेबात महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या शिडीवर ही नुसती 'मुसळधार'ची पहिली पायरी. आता धडगावच्या, अक्कलकुव्याच्या डोंगरात चला. मंडळाचा मापक एका गावात, पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. ढग एका सोंडेवर कोसळतो आणि पलीकडच्या उतारावर ऊन असतं. मापकात 50 आले आणि पाड्यावरची नाचणी वाहून गेली, तर कागदावर अतिवृष्टी झालेली नसते. हा दोष कुणा एकाचा नाही, मापकांची जाळी विरळ आहे. पण भरपाईसाठी हेलपाटे पाड्यावरचा माणूस घालतो.

'ढगफुटी'चंही तसंच. ओढ्याला लोंढा आला की आपण ढगफुटी म्हणून मोकळे होतो. खात्याची व्याख्या कडक आहे: वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर. सकाळी साडेआठला एकदाच वाचल्या जाणाऱ्या मापकावरून ते सिद्धच करता येत नाही, त्यासाठी तासातासाची नोंद लागते. 2018 च्या ऑगस्टमध्ये रंगावली नदीला पूर येऊन नवापुरात माणसं गेली, घरं वाहून गेली. पाणी किती वेळात चढलं हे विचारायचं, तर दिवसभराचा एक आकडा पुरत नाही.

इशाऱ्यांच्या रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा फटका, दोन्ही धरतात. त्यामुळे 'पिवळाच तर आहे' हे वाक्य मी घरात बंद केलंय. आणि उन्हाळ्यात पारा 43 वर गेला तरी इथे 'उष्णतेची लाट' जाहीर होईलच असं नाही. मैदानी भागात 40 अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, किंवा थेट 45, असा निकष आहे. इथली मे महिन्याची सरासरीच चाळिशी ओलांडते. लाट नाही म्हणून भर दुपारी रानात उभं राहायचं, असा अर्थ त्यातून काढू नये.

परवाची संध्याकाळ. पश्चिमी झंझावाताची ओळ दोन दिवस आधीपासून तक्त्यात होती. पश्चिमेकडून, गुजरातच्या बाजूने, ढगांचे मनोरे चढत होते. पाचच्या सुमारास तात्कालिक इशारा आला: पुढच्या तीन तासांत विजांचा कडकडाट, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारा. आमचे मुकादम, नाना, म्हणाले, "पानी येई का, भाऊ?" मी म्हणालो, येईल की नाही सांगता येत नाही, पण वारा येणार. वारा हा शब्द त्यांना पुरला. एवढ्या वाऱ्यात विटांनी दाबलेली ताडपत्री उडते, वाळूच्या गोण्या लागतात. मिरचीचे ढीग झाले, ताडपत्र्या ओढल्या, कडेला गोण्या पडल्या.

क्षितिजावर वीज चमकली तशी नानांनी बोटं मोजायला घेतली. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद, भागिले तीन, तितके किलोमीटर. पहिल्यांदा एकवीस. मग पंधरा. दामिनी ॲपवरही आमच्या भोवतीच्या वर्तुळात विजांच्या खुणा उमटू लागल्या होत्या. बायका सवयीने लिंबाखाली निघाल्या होत्या. नानांनी त्यांना हाका मारून पक्क्या गोदामात नेलं. वारा आला, धूळ आली, ताडपत्र्या ढोलासारख्या वाजत राहिल्या. रात्री नऊनंतर चांदण्या दिसल्या.

सकाळी साडेआठला मापकात एक थेंब नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. झाकण्याला पैसा लागतो: माणसांची जादा मजुरी, आणि ताडपत्रीखाली रात्रभर कोंडलेली अर्धओली मिरची घामेजते, दोन रात्री तशीच राहिली तर आतून काळी पडते. मी वहीत तारीख टाकून 0.0 लिहिलं आणि शेजारी 'वारा' असं लिहिलं. नानांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला, आत हात घालून मूठभर मिरची बाहेर काढली, दाबून पाहिली.

"उघडा लवकर," ते बायकांना म्हणाले, "घाम फुटना."