सरहद्दीच्या रेषेची साक्ष

‘आर’ या संगणकभाषेत नकाशा काढावयास बसणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत असते की, देशांच्या व राज्यांच्या सरहद्दी त्या भाषेच्या दप्तरात पूर्वीच नोंदलेल्या असून आज्ञा होताच त्या निमूटपणे पडद्यावर उमटतात. वस्तुतः त्या सरहद्दी ‘पॅकेज’ नावाच्या जोडसंचांमार्फत मागवाव्या लागतात, आणि प्रत्येक पॅकेजची साक्ष निराळी असते. ‘मॅप्स’ या जुन्या पॅकेजातील जगाच्या नकाशावर, 1991 मध्ये लयास गेलेला सोव्हिएत संघ 2015 च्या नव्या आवृत्तीपर्यंत सुखेनैव नांदत होता. त्या पॅकेजकडे ‘स्टेट’ मागावे, तर अमेरिकेचीच राज्ये हाती येतात!

दुसरा भ्रम असा की, जी रेषा मिळाली ती अधिकृतच असणार. ‘नॅचरल अर्थ’ या सर्वांस खुल्या संग्रहाचा शिरस्ता दाव्याप्रमाणे नव्हे, तर प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा आखण्याचा आहे. त्यामुळे त्यातील काश्मीर भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी जुळत नाही, आणि तसा विसंगत नकाशा भारतात छापणे 1961 च्या फौजदारी कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार गुन्हा ठरते. त्याच संग्रहात भारताच्या दृष्टिकोनातून आखलेली निराळी फाइलही आहे. ती मुद्दाम मागावी लागते, एवढेच.

परंतु सर्वांत फसवा समज आहे तो सीमा अद्ययावत असली म्हणजे झाले, हा. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 होती आणि क्षेत्र 9,558 चौरस किलोमीटर. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाण्याकडे 4,214 चौरस किलोमीटर उरले. जुनी लोकसंख्या नव्या सीमेवर बसविणाऱ्यास दर चौरस किलोमीटरला 1,157 ऐवजी सुमारे 2,625 माणसे दिसतील, पालघर रिकामा राहील, आणि संगणक मात्र चूक झाल्याची कोणतीही तक्रार करणार नाही; कारण ‘ठाणे’ हे नाव दोन्हीकडे जुळलेले असते. अशा वेळी जुन्या आकड्यांस जुनीच सीमा शोधावी, अथवा तालुकानिहाय आकडे घेऊन ते नव्याने वाटावेत.

राहता राहिले प्रमाण. ‘नॅचरल अर्थ’चा संग्रह ‘आर’मध्ये आणणाऱ्या ‘आर-नॅचरल-अर्थ’ या पॅकेजला प्रमाण न सांगता देश मागितले, तर 1:11,00,00,000 या प्रमाणाचा ढोबळ नकाशा येतो; त्यात लहान बेटांना स्थान नसल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या मॉरिशसच्या जागी निव्वळ हिंदी महासागर दिसतो.