गाडीची किल्ली हाती घेण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत नवी दुचाकी येते. गाडीला हार घातला जातो, पेढे वाटले जातात आणि 'लायसन्सचे नंतर पाहू' असे म्हणून किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिली जाते. आरोग्याच्या सदरात गाडीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. म्हणून हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

माणसाचे शरीर चालण्या-धावण्याच्या वेगासाठी घडलेले आहे. गाडीचा वेग वाढतो, पण डोळे, मेंदू आणि हाडे तीच राहतात. वाहतुकीचे बरेचसे नियम शरीराच्या या मर्यादा ओळखूनच केलेले आहेत.

मधला एक सेकंद

समोर कुत्रे आडवे आले, ते डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ओळखले आणि हाताने ब्रेक दाबला, यात सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे १० मीटर लागतात. वेग ६० केला तर एकूण अंतर २१ वरून जवळजवळ ४० मीटर होते. म्हणजे वेग दीडपट, पण थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट!

यासाठी एक सोपा उपाय आहे. पुढची गाडी विजेच्या एखाद्या खांबाजवळून गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' असे म्हणावे. ते संपण्यापूर्वी आपण खांबापाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे असे समजावे. पावसात अंतर दुप्पट ठेवावे. दुचाकीचे दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबावेत. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबल्यास गाडी घसरते. नेहमी डाव्या बाजूने चालावे व पुढे जायचे ते उजवीकडूनच. वळणावर, अरुंद पुलावर आणि चढाच्या माथ्यावर पुढे जाऊ नये, कारण समोरचे दिसतच नाही.

डोळे, झोप आणि औषधे

समोरून प्रखर दिवा डोळ्यांवर पडला की पुढचे काही सेकंद नीट दिसत नाही. ऊसतोडीच्या हंगामात, मागे दिवा नसलेली ट्रॉली नेमकी याच वेळी पुढे असू शकते. अशा वेळी वेग कमी करावा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि आपलाही दिवा खाली करावा.

सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेतल्यावर गाडी चालवावी का, हे डॉक्टरांना विचारावे. डुलकी येऊ लागली तर तोंडावर पाणी मारून भागत नाही; गाडी थांबवून थोडी झोप घ्यावी. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असणे हा गुन्हा आहे. परंतु त्याहून कमी मद्यानेही मेंदू मंदावतो. म्हणून गाडी चालवायची असेल तर मद्य मुळीच नको.

'इथल्या इथेच' जाताना

'डॉक्टर, इथल्या इथेच जात होता, म्हणून हेल्मेट घातले नाही,' हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. डोके रस्त्यावर आदळते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आपटतो. हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा थर दबतो व तो धक्का स्वतः घेतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असे आढळले आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचे असावे व पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बदलावे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. ओढणी व पदर चाकात जाणार नाही असा खोचून घ्यावा.

अपघात झाल्यावर

१०८ क्रमांकावर फोन करावा. जखमीची मान वाकवू नये, त्याला ओढून उठवू नये, पाणी पाजू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात तसे संरक्षण दिले आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये.

डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी उठून बोलू लागतो, घरीही जातो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. कवटीच्या आत रक्त साचत असते. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

पालकांसाठी

नेहमीची स्कूटर किंवा मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिकाऊ लायसन्स काढल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. हे दिवस खरोखर शिकण्यासाठी वापरावेत. आधी मोकळे मैदान, मग गल्ली, मग बाजारपेठ आणि सर्वांत शेवटी महामार्ग, असा क्रम ठेवावा. शिकवणारा लायसन्सधारक सोबत असावा व गाडीवर 'एल' ची पाटी असावी.

मुले सांगितलेले कमी ऐकतात, पाहिलेले अधिक उचलतात. म्हणून वडिलांनी दूध आणायला जातानाही आधी स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावावा.