पोळेची पेटी आणि घराची दुरुस्ती : अहमदाबादच्या जुन्या वस्तीतील वारसा-जतनाचे अर्थकारण

जुलै 2017 मध्ये अहमदाबादच्या तटबंदीतील जुन्या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. ताजमहाल किंवा अजिंठा यांसारख्या वास्तू सरकारच्या ताब्यात असतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च पुरातत्त्व खाते करते. अहमदाबादची गोष्ट निराळी आहे. सुमारे 535 हेक्टरांच्या या क्षेत्रात जामा मशीद, भद्रचा किल्ला, सिदी सैयदची जाळी ही स्मारके आहेतच; परंतु शहराला हा दर्जा मिळाला तो तेथील राहत्या वस्तीमुळेही. ही घरे खाजगी मालकीची आहेत. तेव्हा साहजिकच असा प्रश्न उभा राहतो की, साऱ्या जगाचा म्हणून जाहीर झालेला वारसा ज्याच्या घराच्या भिंतीत आहे, त्याने तो स्वतःच्या खिशातून का सांभाळावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी पोळ म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. सुलतान अहमदशाहने 1411 मध्ये वसविलेल्या या शहरात एकेका जातीची, धंद्याची किंवा पंथाची कुटुंबे एका दरवाजाआड एकत्र राहू लागली. अशा वस्तीस पोळ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘प्रतोली’ म्हणजे वेस किंवा दरवाजा यावरून आला, असे मानले जाते. अठराव्या शतकातील धामधुमीत, म्हणजे मोगलांची सत्ता ढासळून पेशवे व गायकवाड यांचा अंमल शहरावर बसला त्या काळात, संरक्षणाच्या गरजेपोटी पोळांची संख्या वाढत गेली. आजमितीस सुमारे 600 पोळा सांगितल्या जातात. अरुंद गल्ली, रात्री बंद होणारा दरवाजा, एकमेकांना खेटून उभी असलेली लाकूड-विटांची घरे, घराच्या मध्यभागी चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके, आणि नाक्यावर पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा अशी तिची सर्वसाधारण रचना असते.

येथपर्यंतची माहिती प्रवासी पुस्तिकांतूनही मिळते. पोळेला स्वतःचा पैसा होता, ही गोष्ट मात्र त्यांत क्वचितच सांगितली जाते. मुंबई इलाख्याच्या 1879 च्या गॅझेटियरमध्ये या व्यवस्थेची नोंद आहे. पोळेतील घर परक्याला विकावयाचे अथवा गहाण टाकावयाचे झाल्यास शेजाऱ्यांची संमती लागे आणि किमतीचा काही हिस्सा पोळेच्या पेटीत भरावा लागे. लग्नकार्याच्या वेळीही वर्गणी ठरलेली असे. या पैशातून दरवाजाची दुरुस्ती, पहारेकऱ्याचा पगार आणि सामाईक जागेची देखभाल होई. म्हणजे घर एकट्याचे, पण त्याच्या व्यवहारातून निघणाऱ्या लाभाचा एक वाटा वस्तीचा. आजच्या भाषेत यालाच ‘समुदायासाठी प्रोत्साहन’ म्हणता येईल. फरक इतकाच की, ते कोणा सरकारने दिलेले नव्हते. अर्थात या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. परक्याला आत येऊ न देण्याचे साधन म्हणूनच ती चाले, आणि ‘परका’ कोण हे जातीवरून व धर्मावरून ठरे. तिचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकात ही पेटी रिकामी झाली. साबरमतीच्या पश्चिम तीरावर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि सुस्थितीतील कुटुंबे तिकडे निघून गेली. 1980 च्या दशकात कापडगिरण्या बंद पडत गेल्या. 1969, 1985, 1992 आणि 2002 च्या दंगलींनी दोन्ही समाजांतील लोकांना मिश्र वस्तीतून बाहेर काढले. दंगलीच्या भीतीने घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत यासाठी 1991 चा ‘अशांत क्षेत्र’ कायदा आला. त्यान्वये अशा भागातील मालमत्ता विकण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. हेतू रक्षणाचा होता. पण दोन धर्मांच्या माणसांतील खरेदी-विक्री त्यामुळे अवघड झाली आणि वस्त्यांची फाळणी अधिकच घट्ट झाली, अशी टीका त्यावर होत आली आहे.

जो मागे राहिला त्याचा हिशेब पाहावा. 1947 च्या भाडे-नियंत्रण कायद्यामुळे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याचे भाडेकरू आहेत. त्या भाड्यात घरमालकाला एक तुळई बदलणे परवडत नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च करीत नाही. वाळवी लागते, छप्पर गळते. कोणीतरी स्वस्त म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करतो. त्यात ओल कोंडते आणि भिंत आतून पोखरली जाते. शेवटी घर गोदामवाल्याला जाते. तत्पूर्वी कोरीव खांब, दारे, कमानी उतरवून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकल्या जातात. हा सारा तिढा येथेच आहे : सुटा केलेला कोरीव खांब रोख पैसा देतो, आणि घरात उभा असलेला तोच खांब केवळ खर्च मागतो. सिद्धपूरच्या बोहरा वस्तीत तर मालक मुंबईला वा परदेशी स्थायिक झालेले. कुलूप लावलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘वारसा’ हा शब्द अरबी ‘वारिस’पासून उर्दू-मराठीत आला. जुन्या वस्तीत हे नाते निव्वळ शाब्दिक राहत नाही. तीन पिढ्यांत एका घराचे दहा-पंधरा वारस होतात, त्यांतील काही परगावी असतात, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सर्वांच्या सह्या हव्या असतात. वारसा जपण्यास वारसच आड येतात, हा काही विनोद नव्हे.

महानगरपालिकेने प्रयत्न केले नाहीत असे नाही. 1996 मध्ये तिने स्वतंत्र वारसा विभाग सुरू केला. 19 नोव्हेंबर 1997 पासून काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी वारसा-सहल चालू झाली. तिच्या वाटेवरील लांबेश्वरच्या पोळेत कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी स्मारक-चौक करण्यात आला. या सहलीमुळे शहराची ओळख निश्चितच पालटली. काही हवेल्यांत निवासगृहे निघाली. मंगळदास गिरधरदास यांची 1924 ची हवेली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु हवेली आणि सामान्य घर यांत अंतर आहे. दोन खोल्यांच्या घरात पाहुणा ठेवता येत नाही. पर्यटक गल्लीतून जातो, छायाचित्र घेतो आणि निघतो. गटार तुंबलेले असेल तर ते रहिवाशांच्याच वाट्याला येते.

सर्वांत जास्त आशा बांधली गेली ती विकासहक्क हस्तांतरणावर. ही कल्पना वर्गात समजावून सांगण्यास थोडी किचकट आहे, म्हणून काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका भूखंडावर नियमानुसार 200 चौरस मीटर बांधकाम होऊ शकते आणि जुने घर 120 चौरस मीटरचे आहे. घर यादीत असल्याने मालकाला ते पाडता येत नाही. म्हणजे 80 चौरस मीटरचा हक्क वाया गेला. हा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने त्याला दिला जातो. तो हक्क शहराच्या दुसऱ्या भागात इमारत बांधणारा विकसक विकत घेतो आणि त्या पैशातून जुन्या घराची दुरुस्ती होते. मुंबईत ही पद्धत 1990 च्या दशकात रुजली. गुजरातच्या नियमांतही वारसा घरांसाठी तशी सोय करण्यात आली आहे.

कागदावर योजना निर्दोष दिसते. तथापि तिच्यात तीन अडचणी आहेत. प्रमाणपत्रासाठी मालकी निर्विवाद हवी, आणि वर सांगितल्याप्रमाणे तीच नसते. हक्काला ग्राहक हवा; पण सरकारकडे ठरीव रक्कम भरून विकसकाला जादा चटईक्षेत्र थेट मिळत असेल तर तो पोळेतील घरमालकाच्या दारी कशाला येईल? तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हा लाभ मालकाचा आहे, रहिवाशाचा नाही; घराचा आहे, पोळेचा नाही. भाडेकरूला त्यातून काही मिळत नाही. दरवाजा, चबुतरा, सामाईक विहीर यांना तर चटईक्षेत्रच नसते.

लाभ न देता नुसते निर्बंध घातले तर काय होते, याची साक्ष हैदराबाद देते. तेथे 1995 मध्ये लागू झालेल्या वारसा नियमांनी इमारतींची यादी केली. खाजगी मालकांच्या दृष्टीने यादीत येणे म्हणजे मालमत्ता अडकणे ठरले. 2015 मध्ये हे नियमच रद्द करण्यात आले. पुढे 2017 मध्ये तेलंगणाने नवा वारसा कायदा केला. दरम्यान किती ड्योढ्या गेल्या, हे जुन्या शहरात फिरणाऱ्यास सांगावयास नको.

याच्या उलट दिशेने गेलेला एक प्रयोग सीमेपलीकडे, हुंझा खोऱ्यातील करीमाबाद येथे झाला. 1978 मध्ये काराकोरम महामार्ग पूर्ण झाल्यावर तेथील लोक दाटीवाटीची जुनी वस्ती सोडून शेतांत सिमेंटची घरे बांधू लागले होते. हुंझाच्या मीरांनी बाल्टिट किल्ला एका स्थानिक न्यासाच्या स्वाधीन केला, आणि आगाखान सांस्कृतिक न्यासाने 1996 पर्यंत त्याची दुरुस्ती पूर्ण केली. परंतु किल्ल्याइतकेच महत्त्व पायथ्याच्या घरांना देण्यात आले. घराघरांत पाणी, मलनिस्सारण आणि वीज पोहोचविण्यात आली. लोक जुने घर सोडत होते ते त्याच्या जुनेपणामुळे नव्हे, तर संडास नसल्यामुळे, हे तेथे ओळखले गेले. सोयी आल्यावर कुटुंबे आपापली घरे स्वतः दुरुस्त करू लागली. किल्ल्याच्या तिकिटाचे उत्पन्न न्यासाकडे, म्हणजे गावातच राहिले. अर्थात तेथे बाहेरून मोठा निधी आला होता आणि वस्ती एकजिनसी होती. अहमदाबादला तो कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही.

तरीही त्यातून घेण्यासारखे आहे. सहलीच्या तिकिटातील ठरावीक वाटा आणि विकलेल्या विकासहक्कावरील अल्पसा आकार पोळेच्या नोंदणीकृत मंडळाला मिळाला, आणि त्या पैशातून गटार, दरवाजा व भाडेकरूंच्या छपरांची किरकोळ दुरुस्ती झाली, तर 1879 च्या नोंदीतील पेटीच नव्या रूपात उभी राहील. अट एकच : शेजारी कोणाला येऊ द्यावयाचे हे ठरविण्याचा जुना अधिकार तिला मिळता कामा नये. खर्चाचे आकडेही फार मोठे नसतात. जुने लाकूडकाम वेळीच सांभाळले तर ते दीर्घकाळ टिकते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, तर लाकडाच्या पट्ट्यांनी बांधलेली पोळेतील घरे बहुतांशी उभी राहिली.

वडोदरा, बेळगाव, बुऱ्हाणपूर अशा जुन्या गावांतील महाविद्यालयांना हा विषय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी घेता येईल. एका गल्लीपुरती पाहणी पुरे : प्रत्येक घरात मालक राहतो की भाडेकरू, वारस किती, गेल्या दहा वर्षांत दुरुस्ती झाली काय, आणि गल्लीतील सामाईक गोष्टींचा खर्च कोण करतो. शेवटच्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तरे मिळतात. अहमदाबादच्या कित्येक पोळांत पहारेकरी गेला, दरवाजाचे कवाड गंजून भिंतीला टेकले. पण चबुतऱ्यावर सकाळी दाणे पडतात, आणि त्याची वर्गणी अजून रहिवासीच गोळा करतात.