नितळ पाणी आणि तुरटीचा हिशेब

पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. मात्र नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या विदर्भातील जिल्ह्यांत अनेक विहिरी व हातपंपांच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात फ्लोराइड विरघळलेले असते. हे द्रावण असल्याने गाळणीतून फ्लोराइड निघत नाही. उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास ही मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. वर्षानुवर्षे त्याहून अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे कायमचे जखडतात.

१९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने यावर 'नलगोंडा तंत्र' विकसित केले. फ्लोराइडयुक्त पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटीच्याच कुळातील अॅल्युमिनियम सल्फेट मिसळायचे, पाणी ढवळायचे, स्थिर ठेवायचे आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे, असे हे तंत्र आहे. ब्लीचिंग पावडरचे काम जंतुनाशनाचे. फ्लोराइडशी झुंजतात ती उरलेली दोन रसायने.

अॅल्युमिनियम सल्फेटची पाण्यातील बायकार्बोनेटशी अभिक्रिया होते आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात. हे प्रमाण ठरलेले असते. ६६६ ग्रॅम स्फटिकरूप अॅल्युमिनियम सल्फेटला ३०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजे आम्ल पचविण्याची क्षमता, लागते आणि १५६ ग्रॅम हायड्रॉक्साइड मिळते. म्हणजेच लिटरमागे १०० मिलिग्रॅम मात्रा दिली, तर पाण्यातील ४५ मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते. ती अपुरी असल्यास पाणी आम्लधर्मी होते आणि अॅल्युमिनियम पाण्यातच विरघळून राहते. ही तूट चुना भरून काढतो.

आता फ्लोराइडचा हिशेब पाहू. अॅल्युमिनियमच्या एका अणूने फ्लोराइडचे तीन अणू बांधले असे मानल्यास, १ मिलिग्रॅम फ्लोराइडसाठी सुमारे ६ मिलिग्रॅम अॅल्युमिनियम सल्फेट पुरावे. प्रत्यक्षात मात्र त्याच्या कित्येक पट लागते. कारण बहुतांश अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनविण्यात जाते आणि फ्लोराइड त्या पुंजक्यांना चिकटून खाली बसते. समीकरण किमान गरज सांगते. खरी मात्रा प्रयोगानेच ठरते.

म्हणूनच अंदाजाने मूठभर तुरटी टाकणे हा उपाय नव्हे. आधी पाण्यातील फ्लोराइड व अल्कता तपासून घ्यावी, मगच मात्रा ठरवावी. आणखी एक गोष्ट विसरू नये. रासायनिक अभिक्रियेत काहीही नाहीसे होत नाही. पाण्यातून निघालेले फ्लोराइड तळाच्या गाळात असते. तो गाळ विहिरीकाठी ओतला, तर आपणच बाहेर काढलेले फ्लोराइड पुन्हा पाण्यात जाण्याची वाट मोकळी होते.