तरंगत्या घरट्याचा मालक : कल्लेदार सुरय

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर होडीतून फिरताना डोक्यावर पांढरे पक्षी भिरभिरू लागतात. आमच्या होडीतली मुले सगळ्यांनाच ‘सीगल’ म्हणत होती. चूक त्यांची नाही, मोठी माणसेही तेच म्हणतात. पण नीट पाहिले तर फरक कळतो. पाण्यावर निवांत बसून तरंगतो तो कुरव. पाण्याला फक्त चोच लावून, किडा किंवा इवलासा मासा टिपून तसाच वर उडतो, तो बहुधा कल्लेदार सुरय. त्याचा भाऊबंद नदी सुरय मात्र मासा दिसताच धपकन सूर मारतो.

हा पक्षी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर लांबीचा आणि वजनाने शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. सारा जन्म पाण्यावर काढतो, पण पोहतो क्वचितच. थंडीत तो पांढुरका दिसतो, डोळ्यामागे काळा पट्टा असतो. विणीच्या काळात मात्र काळी टोपी, गडद राखाडी पोट, लाल चोच आणि मधे पांढरेशुभ्र गाल. हेच त्याचे कल्ले! 1811 साली पलास या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, तेव्हा हा दोन जातींचा संकर असावा असे त्याला वाटले, म्हणून शास्त्रीय नावात ‘हायब्रिडा’ आले. शंका खोटी ठरली, नाव चिकटले ते चिकटलेच.

खरी कमाल त्याच्या घरट्याची. उन्हाळा सरताना तो उत्तरेकडे जातो. काश्मीरच्या सरोवरांत पाणवनस्पतींच्या तरंगत्या पानांवर काड्या, देठ रचून वसाहतीने घरटी बांधतो. दोन-तीन अंडी, ती नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. अठरा-वीस दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पाणी हळूहळू चढले तर घरटेही वर येते. पण एकाएकी लोंढा आला, वादळी वारा सुटला किंवा कोणी ती वनस्पतीच उपसून काढली, तर अंड्यांसकट घर बुडते. आपल्याला जो नुसता पाण्यातला कचरा दिसतो, तीच त्याची जमीन असते. कोणी जवळ गेले की सगळी वसाहत कर्कश ओरडत अंगावर झेपावते.

एप्रिलमध्ये भिगवणला गेलात तर काहींच्या डोक्यावर काळी टोपी चढू लागलेली दिसेल. ते निघण्याच्या तयारीत असतात.