विषण्णता, तणावसंप्रेरके आणि हृद्विकार : कार्यकारणसंबंधाचा एक प्रश्न

मराठीत ‘हाय खाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. मनाला बसलेल्या धक्क्याने मनुष्य खचतो व पुन्हा सावरत नाही, असे सांगताना तो योजला जातो. मनाचा आघात देहाला भोवतो, ही समजूत त्यात गृहीत आहे. भाषेतील समजूत हा अर्थातच पुरावा नव्हे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाने हाच प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणला. १९९३ साली नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी मॉन्ट्रिऑल येथील २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व रुग्ण हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले होते. रुग्णालयात असतानाच ज्यांच्या ठिकाणी तीव्र विषण्णता आढळली, त्यांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट होता. हृदयाची दुर्बलता व पूर्वीचा झटका हे घटक हिशेबात धरूनही हा फरक टिकून राहिला.

येथे विषण्णता म्हणजे प्रासंगिक दुःख नव्हे. किमान दोन आठवडे टिकणारी उदासीनता किंवा कशातही रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला निद्रानाश, अन्नावरची वासना जाणे, थकवा, अपराधीपणाची भावना यांसारखी लक्षणे असतील, तरच ती संज्ञा या अर्थाने लागू पडते.

मन आणि हृदय यांना जोडणारा दुवा प्रथम संप्रेरकांत शोधला गेला, हे स्वाभाविकच होते. संकटकाळी अधिवृक्क ग्रंथीतून होणाऱ्या स्रावाचे महत्त्व वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात विशद केले होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये तणावाला शरीर देत असलेल्या सर्वसाधारण प्रतिसादाचे वर्णन केले. या प्रतिसादाचा क्रम आज स्पष्ट आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाकडून पोष ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीला संदेश जातो व कॉर्टिसॉल स्रवते. त्याचे प्रमाण वाढले की तेच मेंदूला स्राव आवरता घेण्याची सूचना देते. विषण्णतेच्या अनेक रुग्णांत हा लगाम सैल पडलेला दिसतो. डेक्सामेथॅसोन दिल्यावर निरोगी माणसाचा कॉर्टिसॉलचा स्राव दबतो. तीव्र विषण्णतेच्या काही रुग्णांत तो दबत नाही, हे बर्नार्ड कॅरल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडले. मात्र सर्वच रुग्णांत असे घडत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले तर रक्तशर्करा व रक्तदाब वाढतो आणि उदरात मेद साठतो. नॉरॲड्रेनलिनच्या वाढीने हृदयाची गती वाढते व रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात. या सर्व गोष्टी रोहिण्यांना घातक आहेत. इटलीतील क्यांटी प्रदेशातील ६५ वर्षांवरील ८६१ व्यक्तींच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल सर्वाधिक होते अशा तृतीयांशात हृद्रोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी कॉर्टिसॉल असलेल्या तृतीयांशाच्या पाचपट आढळला.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो उतावळेपणाचा ठरेल. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील हृद्रोगाच्या १,०१७ रुग्णांचा मेरी व्हूली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेला अभ्यास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. सहव्याधी व रोगाची तीव्रता लक्षात घेतल्यावर विषण्णतेची लक्षणे असलेल्यांत हृदयविषयक घटनांचे प्रमाण ३१ टक्के अधिक होते. जैविक घटकांचा हिशेब केल्यावर ही वाढ २४ टक्क्यांवर आली. पुढे शारीरिक निष्क्रियतेसह वर्तनाचे घटक धरताच ती ५ टक्के इतकीच, म्हणजे संख्याशास्त्रदृष्ट्या नगण्य, उरली. विषण्ण मनुष्य चालत नाही, औषध वेळेवर घेत नाही, धूम्रपान सोडत नाही. धोक्याचा मोठा वाटा या मार्गाने येतो. याचा अर्थ संप्रेरके निर्दोष ठरली असा नाही. निष्क्रियता हे विषण्णतेचे फळ असू शकते, तसेच बळावलेल्या हृद्रोगाचेही; आणि निरीक्षणात्मक अभ्यासाला ही गुंतागुंत पूर्णपणे उकलता येत नाही.

उपचारांच्या प्रयोगांनीही हाच सावधपणा शिकविला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, २,४८१ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत मानसोपचाराने विषण्णता काहीशी उतरली. मृत्यू व पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. तथापि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ मधील निवेदनाने, तीव्र हृद्विकारानंतरच्या विपरीत परिणामांचा धोकादर्शक घटक म्हणून विषण्णतेला मान्यता देण्याची शिफारस केली.

तेव्हा, ‘झटका आल्यावर मनुष्य खचणारच’ असे म्हणून रुग्णाची विषण्णता दुर्लक्षित करणे शास्त्राला धरून नाही; आणि ती दूर केली म्हणजे हृदय आपोआप सुरक्षित झाले असे मानणेही नाही. मनाचे दुःख हृदयापर्यंत एकाच वाटेने जात नाही. रक्तातील स्रावांची वाट खरी आहे. पण रोजच्या चालण्याफिरण्याची आणि औषधाच्या वेळांची वाट अधिक रुंद दिसते, आणि तीच रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या अधिक आवाक्यातली आहे. विषण्णतेवरील उपचार रुग्णाचे दुःख हलके करण्यासाठी अवश्य व्हावेत. मात्र त्यांच्या जोडीला रुग्णाला पुन्हा चालते करण्याची जबाबदारीही तितक्याच आस्थेने उचलली पाहिजे.