चार पौंडांचा कर्णधार

2022 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचे तीन सामने कतारमधल्या अल खोरच्या अल बैत स्टेडियमवर झाले. रास लफानच्या गॅस प्रकल्पांत नोकरी करणाऱ्या कितीतरी कुटुंबांची बिऱ्हाडं याच गावात. त्यामुळे हॅरी केन आणि मंडळी त्यांच्या जवळजवळ दारातच खेळून गेली. अमेरिकेशी बरोबरी, सेनेगलवर 3-0 असा विजय आणि 10 डिसेंबरला फ्रान्सकडून 2-1 अशी हार. त्या रात्री केनने एक पेनल्टी घातली, दुसरी बारवरून उडवली. त्याच्यासारख्या खेळाडूचा आठवड्याचा पगार लाखाहून जास्त पौंड असतो.

1909 मध्ये चार्ली रॉबर्ट्सला आठवड्याला फार तर 4 पौंड मिळू शकत होते.

1883 मध्ये डार्लिंग्टनला जन्मलेला रॉबर्ट्स ग्रिम्सबी टाउनकडून खेळून 1904 मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. तो सेंटर हाफ. त्या काळी हा खेळाडू मैदानाच्या मधोमध राहून बचाव आणि चढाई दोन्ही सांभाळायचा. त्याच्या नेतृत्वाखाली युनायटेडने 1908 आणि 1911 मध्ये लीग जिंकली आणि 1909 मध्ये ब्रिस्टल सिटीला 1-0 असं हरवून पहिल्यांदाच एफए कप उचलला.

पगाराची 4 पौंडांची मर्यादा 1901 पासून लागू होती. रक्कम कारागिराच्या मजुरीपेक्षा बरी, पण स्टेडियम कितीही भरलं तरी ती वाढायची नाही. त्याहून जाचक होता बदलीचा नियम. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची, आणि क्लबने सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या संघात जाता येत नसे. कतारमध्ये जुन्या काळापासून नोकरी करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथेही मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. ती अट 2020 मध्ये कायद्याने काढली. परदेशी कामगारांना मात्र तिथे आजही युनियन काढता येत नाही.

रॉबर्ट्स आणि त्याचा सहकारी बिली मेरेडिथ यांनी ती काढली. 2 डिसेंबर 1907 ला मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची युनियन उभी राहिली. 1909 च्या उन्हाळ्यात फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं: युनियन सोडा, नाहीतर बंदी. देशभरातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. युनायटेडचे खेळाडू अडून बसले. क्लबचं मैदान बंद झालं, तसे ते फॅलोफील्डला जाऊन सराव करू लागले आणि ‘आउटकास्ट्स एफसी’, म्हणजे बहिष्कृतांचा संघ, अशी पाटी धरून त्यांनी फोटोही काढून घेतला. एव्हर्टनचा टिम कोलमनही त्यांच्यात येऊन मिळाला. मोसम तोंडावर आला, तेव्हा 31 ऑगस्टला तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली, पगाराची मर्यादा मात्र तशीच राहिली.

रॉबर्ट्स इंग्लंडकडून अवघे तीन सामने खेळला, तेही 1905 मध्येच. पुढे त्याची निवड झाली नाही, त्यामागे युनियनचा राग होता असं अनेकांचं मत आहे. 1913 मध्ये तो ओल्डहॅम ॲथलेटिककडे गेला. दोन वर्षांनी या छोट्या क्लबचं लीगचं विजेतेपद एका गुणाने हुकलं आणि महायुद्धामुळे लीगच थांबली.

1939 मध्ये रॉबर्ट्स वारला. खेळाडूंच्या संपाच्या धमकीनंतर जानेवारी 1961 मध्ये पगाराची मर्यादा गेली. फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला 100 पौंड मिळवू लागला. बदलीचा नियम जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने कोर्टात नेला, आणि 1963 मध्ये न्यायाधीशांनी तो अन्यायकारक ठरवला.